कडब्याचा हिशेब

सोलापूर जिल्ह्याच्या आमच्या भागात मुलीसाठी स्थळ बघायला गेलेली माणसं ओसरीवर टेकायच्या आधी घराच्या मागच्या अंगाला एक चक्कर मारून यायची. निमित्त पाय मोकळे करायचं, बघायची असायची ती कडब्याची गंज. गेल्या सालची गंज अजून मोडलेली नाही आणि शेजारी यंदाची नवी लागली आहे असं दिसलं, की अर्धी बोलणी तिथेच व्हायची. कणगी कुणी पाहुण्याला उघडून दाखवत नाही. गंज मात्र चार शेतांवरून दिसते, आणि ती उसनी आणून रचता येत नाही.

मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली, बरीचशी मंगळवेढा, सांगोला आणि मोहोळ या तालुक्यांत. लसी टोचल्या, रेतन केलं, पोट फुगलेल्या बैलांच्या डाव्या कुशीत सुई घालून वायू काढला, आणि पशुगणना आली की घरोघर फिरून जनावरं मोजली. या सगळ्यात एक गोष्ट मला कायम खटकली. कागदावर ज्वारी म्हणजे अन्नधान्य. पेरा किती हेक्टर, उतारा किती क्विंटल, भाव काय. ताटाचं काय झालं हे त्या रकान्यांत कुणी विचारत नाही. पेरणाऱ्याच्या मनात मात्र पाभर जुंपतानाच दोन तोंडं असतात, एक घरातलं आणि एक दावणीचं. दख्खनच्या या कोरड्या पट्ट्यात ज्वारी शेकडो वर्षं टिकली ती दोन्ही तोंडांमुळे. माझं म्हणणं तर असं आहे की दाण्यापेक्षा ताटामुळे टिकली. दाणा बाहेरून विकत आणता येतो. कडबा बैलगाडीत भरून आणायचा, तर आणणारे बैलच वाटेत तो निम्मा खाऊन टाकतील.

मंगळवेढा म्हटलं की लोकांना दामाजीपंत आठवतात. पंधराव्या शतकात, बिदरच्या बादशाहीत, दुष्काळात त्यांनी सरकारी कोठार लोकांसाठी उघडलं, ही कथा शाळेतल्या पोराला पाठ असते. त्या कथेत जनावरं कुठे येत नाहीत. आमच्या पेशाच्या माणसाला ते जाणवतं. धान्याचं पेव उघडता येतं, कडब्याचं पेव नसतंच.

आमची ज्वारी रब्बीची. हस्ताच्या आगेमागे, पाऊस ओसरत आला की काळ्या रानात पेरायची. पुढे पाऊस नाही, पाणी नाही. जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि थंडीवर पीक येतं. चार महिन्यांनी, फेब्रुवारी-मार्चात काढणी. कडेने करडईचे पाटे टाकायचे, म्हणजे काट्यांमुळे वाटेवरची जनावरं आत तोंड घालत नाहीत. काढणी हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा. आमच्याकडे रब्बीची ज्वारी कापत नाहीत, मुळासकट उपटतात. एका हाताने बुडखा धरायचा, गुडघ्याला किंचित वाक द्यायचा आणि झटका मारायचा. माती पायावर आपटून झाडायची. विळ्याने कापलं तर वीतभर ताट जमिनीत राहतं, आणि ती वीत सोडायची कुणाची तयारी नव्हती. माझ्या आईच्या तळहातांना मार्चात जे घट्टे पडायचे ते पावसाळ्यापर्यंत जायचे नाहीत.

उपटलेलं ताट वाळलं की पेंढ्या बांधायच्या, ज्वारीच्याच ताटाला पीळ देऊन त्याचा बंध. पाच पेंढ्यांचा पाचुंदा. विक्री शेकड्यावर. मग कणसं मोडून खळ्यावर आणि पेंढ्या गंजीला. गंज रचणं हे कसब होतं, आणि गावात ते दोन-तीन माणसांनाच यायचं. खाली दगड आणि तुरीच्या काड्या, म्हणजे वाळवी आणि ओल लागत नाही. बुडखे बाहेर, शेंडे आत. वर निमुळतं करत नेऊन पाऊस निथळेल असा उतार. वाईट रचलेली गंज श्रावणात आतून काळी पडते आणि त्या कडब्याला जनावर तोंड लावत नाही. चांगली रचलेली दोन-तीन पावसाळे काढते. आमच्यासारख्या मुलखात हाच खरा विमा. एक वर्ष बुडालं तरी गेल्या वर्षीची गंज उभी आहे.

किती लागतो कडबा? मोठ्या जनावराला दिवसाला साधारण 6 किलो कोरडी वैरण, हा आमच्या खात्यातला ठोकताळा. म्हणजे एका बैलजोडीला वर्षाचे चार टनांवर. कोरडवाहू रानात हे निघायचं तर ज्वारीचे अडीच-तीन एकर नुसते त्या दोघांसाठी. गाय, वासरं, म्हैस वेगळी. नांगर ओढणारा बैल स्वतःच्या पोटासाठी किती रान अडवतो याचा हिशेब आमच्या आजोबांना लिहिता-वाचता न येता ठाऊक होता. ट्रॅक्टरचं डिझेल पंपावरून येतं; बैलाचं डिझेल शेतातच पेरावं लागायचं.

वैरण ही राज्यकर्त्यांच्याही डोक्यात असायची, पण घोड्यांच्या बाजूने. मराठेशाहीत घासदाणा नावाची वसुली होती. शिवाजी महाराजांचं 1670 च्या दशकातलं एक पत्र प्रसिद्ध आहे, चिपळूणजवळ छावणी केलेल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं. लोक ते रयतेच्या काळजीसाठी वाचतात, ते बरोबरच आहे. मी ते वैरणीचं पत्र म्हणून वाचतो. पावसाळ्यासाठी साठवलेली दाणा-वैरण आत्ताच वाटेल तशी संपवाल, तर ऐन पावसात घोडी मरतील; मग तुम्ही कुणब्यांच्या घरात हात घालाल आणि त्यांना मोगल परवडला असं वाटेल. पुढे आगीची ताकीद आहे. चुली, चिलमी, उंदराने ओढून नेलेली दिव्याची पेटती वात, आणि त्यातून गवताच्या गंजी कशा जळतील. राज्याभिषेकाच्या आसपासच्या धामधुमीत उंदीर आणि वात यांचा विचार करणाऱ्या माणसाने कधीतरी गंज जळताना पाहिली असणार, असं मला वाटत राहतं. पानिपतावरही शेवटच्या आठवड्यांत माणसांच्या अन्नाआधी घोड्यांची आणि बैलांची वैरण तुटली होती, हे लढाईच्या गोष्टी सांगणाऱ्यांच्या तोंडून फारसं येत नाही.

इंग्रजी अमलात गायरानं आणि डोंगर जंगल खात्याकडे गेले. जोतीराव फुल्यांनी 1883 साली पुऱ्या केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये या खात्यावर आसूड ओढला आहे, कारण गुरांना चरायला जागा उरली नाही. चराई आटली तशी शेतातल्या ताटावरची भिस्त वाढली. 1876 ते 1878 च्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसं मेली त्याची चौकशी झाली, आयोग बसला, दुष्काळ संहिता आल्या. गुरांसाठी मग पुढच्या दुष्काळांत जंगलं चराईला खुली करणं, डोंगरातलं गवत कापून, दाबून, गासड्या बांधून आगगाडीने पाठवणं असे प्रकार सुरू झाले. 1912-13 च्या टंचाईत नगरकडे मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने निवडुंग खाऊ घालण्याचा खटाटोप केला. फड्या निवडुंगाचे काटे जाळायचे, फडे चिरायचे, थोडी सरकी किंवा पेंड मिसळायची. पाणी भरपूर, सत्त्व बेताचं, आणि जनावराला हगवण. पण मरत्याला ते बरं. पुढे 1926 च्या सुमारास श्रीलंकेतून आणलेल्या किड्याने दक्षिणेतला तो निवडुंग बघता बघता साफ केला. शेतकऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि दुष्काळातला शेवटचा घासही गेला.

त्याच काळात या वैरणीतून एक मोठा कारखाना उभा राहिला, हे पुष्कळांना माहीत नसतं. बेळगावात सायकलीचं दुकान चालवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी शेतकऱ्यासाठी जी पहिली अवजारं बनवली त्यात कडबा कापायचं यंत्र होतं. लोखंडी नांगर त्यानंतरचा. लोखंडाने जमिनीला विष चढतं म्हणून लोक नांगराला हात लावेनात, हा किस्सा सगळे सांगतात. कडब्याच्या यंत्राला असा विरोध झाल्याचं मी ऐकलेलं नाही. अख्खी पेंढी गव्हाणीत टाकली की बैल पाला ओरबाडतो, शेंडा खातो आणि बुडख्याकडचं चिपाड पायाखाली तुडवतो. कुट्टी केली की चिपाडही पोटात जातं. ही बचत शेतकऱ्याला समजावून सांगायला प्रचारक लागत नाही. 1910 मध्ये औंध संस्थानात, कुंडल स्थानकाजवळ किर्लोस्करवाडी वसली. आमच्या घरी मात्र कुट्टी कोयत्यानेच व्हायची, आणि ती संध्याकाळची माझी पाळी असायची.

आता मालदांडीकडे येतो, कारण या सगळ्या गोष्टीचं मूळ तिच्यात आहे. मालदांडी ही आमच्या पट्ट्यातली जुनी गावठी ज्वारी. 1930 च्या दशकात मोहोळच्या शेती केंद्रावर तिच्यातून निवड करून एम 35-1 हा वाण बाहेर आला. निवड म्हणजे संकर नव्हे. शेतकऱ्यांच्याच बियाण्यातली चांगली ताटं वेगळी काढून वाढवली. 1933 नंतर सोलापूर आणि विजापूर इथे कोरडवाहू शेतीची संशोधन केंद्रं निघाली, शास्त्रज्ञ न. वि. कानिटकर यांनी ओल धरून ठेवायच्या पद्धती बसवल्या, बांध आणि कोळपणीचं शास्त्र उभं राहिलं. ती सगळी मेहनत मालदांडीच्या सोबतीला आली. मोत्यासारखा पांढरा, चमकदार दाणा. मऊ, गोड, पापुद्रा सुटणारी भाकरी. आणि माणसाच्या डोक्यावरून जाणारं, रसाळ, गोडसर ताट. असा कडबा जनावर बुडख्यापर्यंत चावून खातं.

1964 साली सीएसएच-1 हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला. विदर्भ, मराठवाडा, खानदेशात खरिपाच्या रानांत हायब्रीडने दाण्याचा उतारा कुठच्या कुठे नेला, आणि भुकेच्या त्या वर्षांत ते गरजेचंच होतं. ज्यांनी ते वाण काढले त्यांना नावं ठेवायचा अधिकार मला नाही. पण त्यांनी मोजलं ते कणीस. ताट बुटकं केलं, कारण बुटकं ताट लोळत नाही आणि खताला साथ देतं. खरिपात परतीच्या पावसात कणीस भिजून दाणा काळा पडायचा, भाकरी कडवट लागायची, भाव पडायचा, आणि मागे राहिलेला आखूड कडबा जनावर नाक मुरडत खायचं. रब्बीसाठीही पुढे संकरित वाण आले. आमच्या शेतकऱ्याने ते पेरून बघितले, आणि पुढच्या हस्ताला पुन्हा मालदांडी काढली. खात्याच्या सभांमध्ये याला शेतकऱ्यांचा मागासलेपणा म्हणत. पाटणचेरूच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेतल्या अर्थशास्त्रज्ञांनी नंतर बाजारभाव लावून आकडेमोड केली, तेव्हा ज्वारीच्या पिकाच्या एकूण किमतीत कडब्याचा वाटा बराच मोठा निघाला. कमी पावसाच्या वर्षी तर कडब्याचे पैसे दाण्याला मागे टाकतात. आमच्या बाजारात हे कुणालाही विचारून कळलं असतं.

1972 च्या दुष्काळात मी शाळेत होतो. लागोपाठची वर्षं हुकली होती, त्यामुळे जुन्या गंजी आधीच संपल्या होत्या. माणसांसाठी बाहेरून आलेली लाल मिलो आणि सुकडी होती, खडी फोडायचं का होईना काम होतं. दावणीसाठी काय होतं? छपरावर शाकारलेलं पाचट उपसून घातलं. बाभळीच्या शेंगा, लिंबाचा आणि पिंपळाचा पाला, उसाच्या भागातून कधी मिळालंच तर वाढं, म्हणजे उसाचे शेंडे. त्या सालात गुडघ्याएवढी होऊन करपलेली ज्वारी बघून जनावरं आशेने सोडणाऱ्यांनी जनावरं गमावली. ताणावर पडलेल्या कोवळ्या ज्वारीत विष असतं, पोटात गेल्यावर त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटतं, आणि तासाभरात जनावर आडवं होतं. पुढे नोकरीत मी अशा किती गाई सोडियम थायोसल्फेट टोचून उठवल्या, आणि किती ठिकाणी पोचेपर्यंत उशीर झाला होता. हेच पीक फुलोऱ्यावर आलं की निर्धोक.

नुसत्या जनावरांसाठी पेरायचं पीक आमच्याकडे पूर्वीही होतं, पण चतकोरभर. विहिरीच्या कडेला दाट पेरलेलं कडवळ, म्हणजे हिरवी कापायची ज्वारी, आणि एखाद्या वाफ्यात लसूणघास. घास आमच्याकडे बागायतदारांचा आणि टांगेवाल्यांचा. पुणे-खडकीच्या छावण्यांत घोडी होती तेव्हा तिकडच्या कालव्याखाली तो चांगला चालायचा. एकदा लावला की तीन-चार वर्षं कापत राहायचा. मात्र उपाशी जनावराला ओला घास सोडला की पोट तट्ट फुगतं, आणि मग माझ्यासारख्याला सुई घेऊन सायकल हाणावी लागते.

हे चित्र पालटलं ते दोन गोष्टींनी. मणिभाई देसाईंनी 1967 साली उरुळीकांचनला बाएफ ही संस्था सुरू केली, जर्सी आणि होल्स्टीनची संकरित वासरं गावोगाव दिसू लागली, दूध योजना आल्या. आणि 1980 मध्ये उजनी धरण पुरं झालं. दिवसाला पंधरा लिटर देणारी गाय नुसत्या कडब्यावर उभी राहत नाही. कडब्यात प्रथिनं जेमतेम. तिला हिरवं लागतं, वीस-पंचवीस किलो, रोज. मग नेपियर आलं. आफ्रिकेतलं हत्ती गवत आणि आपली बाजरी यांचा संकर. नाव ऱ्होडेशियातल्या बुलावायोच्या एका कर्नल नेपियरचं. राहुरीच्या विद्यापीठाने काढलेल्या गवताला यशवंत आणि जयवंत अशी घरातल्या माणसांसारखी नावं मिळाली. बाजाराच्या दिवशी दवाखान्याच्या ओट्यावर लोक विचारायचे, 'साहेब, जयवंतची ठोंबं कुठं मिळतील?' आफ्रिकन टॉल मका आला, बाएफने सुबाभूळ लावली. उसाचं वाढं तर होतंच. ऊसतोड करणाऱ्या कुटुंबांचे बैल हंगामभर वाढ्यावरच राहतात, आणि उरलेलं वाढं भाऱ्यावर विकून त्यांचा रोजचा मीठ-मिरचीचा खर्च निघतो. वाढ्यातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम उतरतं, म्हणून चुन्याची निवळी पाजा, असं मी घसा फोडून सांगत आलो.

2012-13 आणि 2018-19 च्या दुष्काळात चारा छावण्या लागल्या, सांगोला-मंगळवेढ्यात तर माळच्या माळ भरले. 2019 च्या उन्हाळ्यात मोठ्या जनावरामागे दिवसाला 100 रुपये अनुदान होतं, लहानामागे 50. कानातल्या बिल्ल्यावरचा बारकोड दाखवून हजेरी. वैरण म्हणून मुख्यतः ऊस. धरणाच्या पाण्यावर वाढलेला ऊस पाणी नसलेल्या गावांच्या गाई खात होत्या. बाया तिथेच चुली मांडून राहिल्या, पोरं तिथून शाळेत गेली. टंचाईच्या बैठका बसल्या की कागदावर कधी नसलेला कडबा अचानक अवतरतो. पेऱ्याच्या क्षेत्रावरून चारा किती टन असेल याचे अंदाज निघतात, आणि जिल्ह्याबाहेर चारा न्यायला जिल्हाधिकारी बंदी घालतात. पाऊस पडला की तो रकाना पुन्हा मिटतो.

आता मुरघासाचा जमाना आहे. मका चिकात आला, दाणा भरत आला की उभाच कापायचा, यंत्राने कुट्टी करून दाबून भरायचा आणि हवाबंद करायचा. दीडेक महिन्यात तो आंबूस वासाचा, पिवळसर होऊन तयार. गोठेवाले उभ्या मक्याचा सौदा गुंठ्यावर करतात. कणीस हाताशी आलेलं असताना ते माणसासाठी मोडायचं नाही, हे माझ्या आईला अधर्म वाटला असता. मला तो शहाणपणाचा व्यवहार वाटतो. गाय जे खाणार ते तिच्यासाठीच पेरलं आहे हे पहिल्यांदा उघडपणे मान्य केलं गेलं.

ज्वारीचं मात्र अवघड झालं आहे. मंगळवेढ्याच्या मालदांडीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, शहरात भाकरीची हौस परत आली, दाण्याला भाव आहे. पण उपटायला माणूस नाही. एकराची काढणी उक्ती द्यायची तर मजुरीच इतकी होते की कडब्यात ती भागली तर नशीब. राहुरी आणि परभणीच्या नव्या रब्बी वाणांच्या घडीपत्रिकांत आता धान्याच्या शेजारी कडब्याचाही उतारा छापलेला असतो. ते बघून मला बरं वाटतं. दोन वर्षांमागे एका शिवारफेरीत त्यावरूनच जुंपली. एक म्हातारबा प्रत्येक वाणाच्या पाटीपुढे थांबून ताटाची उंची काठीने मापत होते आणि कडबा किती पडतो तेवढंच विचारत होते. मागून एक तिशीतला पोरगा वैतागून म्हणाला, कमरेएवढी ज्वारी काढा साहेब, हार्वेस्टरने कापता येईल अशी, दावणीला एक शेपूट नाही माझ्या, कडबा घालू कुणाला, ट्रॅक्टरला? सगळे हसले, म्हातारबाही हसले. परतताना त्या पोराच्याच गाडीवर मागे बसून आलो. वाटेत त्याने स्वतःचं रान दाखवलं. ज्वारी नव्हती, तीन एकर मका उभा होता, आणि तो शेजारच्या गावातल्या गोठ्याला गुंठ्यावर गेलेला होता.